एक यादवी, दोन चीन: तैवान आणि चीनच्या वाटा नेमक्या कुठे फुटल्या?

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये तैवानने मुंबईत एक कार्यालय उघडलं. नाव 'तैपेई आर्थिक आणि सांस्कृतिक केंद्र'. कामं साधीच: व्हिसा, व्यापार, विद्यार्थ्यांच्या अडचणी. तरीही बीजिंगने दिल्लीकडे निषेध नोंदवला. हाच तैवान ऑलिंपिकमध्ये 'चायनीज तैपेई' म्हणून उतरतो, जागतिक व्यापार संघटनेत तो 'तैवान, पेंघू, किन्मेन आणि मात्सू यांचा स्वतंत्र सीमाशुल्क प्रदेश' असतो आणि त्याच्या स्वतःच्या पासपोर्टवर 'चीनचं प्रजासत्ताक' असं छापलेलं असतं. मग हा देश आहे की नाही? आणि नसेल, तर तिथे निवडणुका कशा होतात, सैन्य कुणाचं, चलन कुणाचं?

या गोंधळाचं मूळ १९४९ मध्ये अर्धवट राहिलेल्या चिनी यादवीत आहे. शेतजमिनीच्या वादात सातबारा एकच आणि त्यावर दावा सांगणारे भाऊ दोन, असं आपण पाहतो. इथे तो सातबारा म्हणजे अख्खा चीन. एकाच्या ताब्यात जवळजवळ सगळं शिवार, दुसऱ्याच्या ताब्यात कोपऱ्यातला एक तुकडा, पण कागदावर दोघांचाही दावा संपूर्ण जमिनीवर.

मला मात्र मालकीच्या वादापेक्षा पुढचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. दोन्हीकडची बहुसंख्य माणसं एकाच वंशाची, लिहिण्याची भाषा एक, सण एक, कन्फ्यूशियसचा वारसा एक. तरी २०२४ मध्ये तैवानचं दरडोई उत्पन्न वर्षाला सुमारे ३३-३४ हजार डॉलर होतं आणि चीनचं १३ हजारांच्या आसपास. तैवानमध्ये मतपेटीतून सरकार बदलतं, चीनमध्ये १९४९ पासून एकच पक्ष सत्तेवर आहे. एकाच समाजाचे दोन भाग इतके वेगळे कसे घडले?

'इकडे कम्युनिझम, तिकडे लोकशाही' हे उत्तर पटकन सुचतं, पण ते निम्म्याहून अधिक चुकीचं आहे. पहिली जवळजवळ चार दशकं तैवानमध्ये लोकशाही नव्हतीच.

भांडण सुरू कसं झालं

१९११ च्या क्रांतीने चीनची राजेशाही संपवली आणि १९१२ मध्ये प्रजासत्ताक आलं. पण देश सरंजामी सेनापतींमध्ये वाटला गेला. तो एकत्र आणायचा ध्यास घेतलेला पक्ष म्हणजे कुओमिन्टांग, अर्थात राष्ट्रवादी पक्ष. त्याचे संस्थापक डॉ. सुन यत-सेन. १९२१ मध्ये शांघायमध्ये कम्युनिस्ट पक्ष स्थापन झाला.

सुरुवातीला हे दोघे मित्र होते, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. सोव्हिएत रशियाने दोघांनाही मदत केली. मिखाईल बोरोदिन या रशियन सल्लागाराने कुओमिन्टांगची बांधणी रशियन पक्षाच्या धर्तीवर करून दिली. १९२४ मध्ये निघालेल्या व्हाम्पोआ लष्करी अकादमीचे प्रमुख होते च्यांग कै-शेक आणि तिथल्या राजकीय विभागात काम करत होते चाऊ एन-लाय. पुढे एक तैवानचा हुकूमशहा झाला, दुसरा कम्युनिस्ट चीनचा पंतप्रधान.

१९२७ च्या एप्रिलमध्ये च्यांगने शांघायमध्ये कम्युनिस्टांची कत्तल केली आणि यादवी पेटली. १९३७ मध्ये जपानने चीनवर पूर्ण आक्रमण केल्यावर दोघांनी नाइलाजाने हात मिळवले. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनला गेले ते याच काळात. १९३८ मध्ये भारताने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते होते. कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेतल्या जखमींवर उपचार करता करता डिसेंबर १९४२ मध्ये, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी ते गेले. त्यांनी ज्या सैन्याची सेवा केली ते सैन्य तेव्हा कागदोपत्री च्यांगच्याच राष्ट्रीय सरकारचा भाग होतं. इतकी ती युती गुंतागुंतीची होती.

१९४५ मध्ये जपान हरला आणि वर्षभरात दोघे पुन्हा भिडले. च्यांगकडे सैन्य जास्त, शस्त्रं जास्त, अमेरिकेचा पैसा जास्त. पण त्याच्या राज्यात नोटांची किंमत इतकी घसरली की पगार हातात पडताच लोक तांदळाच्या दुकानाकडे धावत. अधिकारी लाच खात होते आणि खेड्यात जमीनदार निम्मं पीक नेत होता. कम्युनिस्टांनी कुळांना जमीन देऊ केली. १ ऑक्टोबर १९४९ रोजी माओने बीजिंगमध्ये नव्या राष्ट्राची घोषणा केली. डिसेंबरमध्ये च्यांगचं सरकार सोनं, राजवाड्यातला कलासंग्रह आणि दहा-वीस लाख माणसं घेऊन तैवान बेटावर गेलं.

ते बेट रिकामं नव्हतं

तैवानचं क्षेत्रफळ सुमारे ३६ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे केरळपेक्षा थोडं लहान. १९४५ मध्ये तिथे साठ लाखांच्या आसपास लोक राहत होते. बहुतेकांचे पूर्वज काही शतकांपूर्वी समोरच्या फूजियान प्रांतातून आलेले. त्यांच्याही आधीपासूनचे मूळ आदिवासी समाज वेगळेच. १८९५ ते १९४५ अशी पन्नास वर्षं हे बेट जपानची वसाहत होतं. जपानने तिथे रेल्वे, कालवे, साखर कारखाने आणि प्राथमिक शाळा उभ्या केल्या. हे सगळं जपानच्या सोयीसाठी होतं, पण मागे राहिलं.

जपानी गेल्यावर आलेल्या चिनी अधिकाऱ्यांचं लोकांनी आधी स्वागत केलं. वर्षभरातच भ्रम फिटला. २७ फेब्रुवारी १९४७ च्या संध्याकाळी तैपेईत एक विधवा बाई चोरट्या सिगारेटी विकत होती. सरकारी मक्तेदारी खात्याच्या माणसांनी तिचा माल आणि पैसे हिसकावले, तिच्या डोक्यात पिस्तुलाचा दस्ता मारला. जमाव जमला, गोळी सुटली, एक बघ्या मेला. दुसऱ्या दिवशी सगळं बेट उठलं. मार्चमध्ये मुख्य भूमीवरून सैन्य उतरलं आणि शिक्षक, वकील, डॉक्टर, विद्यार्थी असे वेचून मारले गेले. पुढे १९९२ मध्ये सरकारच्याच समितीने मृतांचा अंदाज १८ ते २८ हजार असा दिला.

मे १९४९ मध्ये तैवानमध्ये मार्शल लॉ लागला, म्हणजे नागरी कायद्याच्या जागी लष्करी कायदा. तो जुलै १९८७ पर्यंत, ३८ वर्षं उठला नाही. नवा पक्ष काढायला बंदी, वर्तमानपत्रांवर बंधनं, संशयावरून तुरुंग, गोळ्या घालून मृत्युदंड. १९५० च्या दशकातल्या सामान्य तैवानी माणसाला 'तुझ्याकडे लोकशाही आहे' असं कुणी म्हटलं असतं तर त्याला काहीच समजलं नसतं.

म्हणजे सुरुवातीला दोन्ही किनाऱ्यांवर चित्र सारखंच होतं: एकच पक्ष, एकच नेता, लष्कर पक्षाच्या हातात, शाळेत नेत्याच्या तसबिरी. फरक पडला तो या पक्षांनी लोकांच्या हातात काय राहू दिलं यामुळे, आणि माझ्या मते सगळ्यांत आधी जमिनीमुळे.

कसेल त्याची जमीन, दोन पद्धतींनी

कुळाने जमीनदाराला द्यायचा खंड मुख्य पिकाच्या ३७.५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा, असा कायदा कुओमिन्टांगने १९३० मध्येच केला होता. मुख्य भूमीवर तो कागदावरच राहिला. कारण उघड होतं. पक्षाचे पुढारी, सैन्यातले अधिकारी आणि खेड्यातले जमीनदार हे एकमेकांचे सगेसोयरे होते. स्वतःच्या काकाचा खंड कोण कमी करणार?

तैवानमध्ये हाच पक्ष परका होता. तिथले जमीनदार त्याचे कुणी लागत नव्हते. आणि चीन हातातून का गेला, हे ताजं ताजं कळलेलं होतं. १९४९ मध्ये चेन चेंग या राज्यपालांनी तोच ३७.५ टक्क्यांचा नियम खरोखर लागू केला. मग सरकारी जमीन कुळांना विकली. १९५३ मध्ये शेवटचं पाऊल टाकलं: मध्यम प्रतीची भातशेती साधारण तीन हेक्टरपर्यंत जमीनदाराने ठेवायची, बाकीची सरकार विकत घेऊन कुळांना देणार. किंमत वर्षाच्या मुख्य पिकाच्या अडीच पट. कुळाने ती दहा वर्षांच्या हप्त्यांनी फेडायची.

जमीनदाराला मोबदला कसा दिला, हे नीट पाहण्यासारखं आहे. सत्तर टक्के रक्कम रोख्यांमध्ये, पण ते रोखे पैशांचे नव्हते, तांदळाचे आणि रताळ्यांचे होते, म्हणजे महागाईने त्यांची किंमत बुडणार नाही. उरलेले तीस टक्के सिमेंट, कागद, खाण-उद्योग आणि कृषी-वन या चार सरकारी कंपन्यांचे शेअर. काही मोठे जमीनदार त्यातूनच उद्योगपती झाले. बऱ्याच छोट्यांनी शेअर पडत्या भावात विकले आणि ते नाराजच राहिले. पण रक्त सांडलं नाही.

आपल्याकडे १९४८ चा मुंबई कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन यांच्यामागेही हीच कल्पना होती. ज्यांच्या घरात कूळकायद्याने जमीन आली किंवा गेली, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. कायदा करणारे आणि ज्यांची जमीन जाणार ते एकाच घरातले असले की वाटा किती निघतात, हेही आपण पाहिलं आहे. तैवानला ती अडचण नव्हती.

मुख्य भूमीवर कम्युनिस्टांनी १९५० ते १९५२ च्या दरम्यान सुमारे तीस कोटी शेतकऱ्यांना जमीन वाटली. ही मानवी इतिहासातली सर्वांत मोठ्या जमीनवाटपांपैकी एक. पण पद्धत वेगळी. गावसभेत जमीनदाराला उभं करायचं, गावकऱ्यांनी त्याच्या अत्याचारांचा पाढा वाचायचा, आणि मग अनेकदा त्याला तिथेच मारायचं. मारल्या गेलेल्यांचे अंदाज दहा लाखांच्या घरात आणि त्याहून वरही जातात.

एवढं करूनही जमीन शेतकऱ्याकडे टिकली नाही. १९५६ पर्यंत ती सहकारी शेतीत ओढली गेली आणि १९५८ मध्ये पीपल्स कम्यूनमध्ये. कम्यून म्हणजे हजारो कुटुंबांचं एकत्रित शेत, जिथे काय पेरायचं ते वरून ठरणार, धान्य एका कोठारात जाणार आणि जेवणसुद्धा सामुदायिक भटारखान्यात होणार. त्याच वर्षी 'हुकोऊ' ही घरनोंदणी पक्की झाली: गावात जन्मलेल्याने परवानगीशिवाय शहरात राहायला जायचं नाही. शेतकऱ्याच्या हातात ना जमीन उरली, ना गाव सोडायची मुभा.

चूक सांगणाऱ्याचं काय झालं

१९५८ मध्ये माओने 'मोठी झेप' जाहीर केली. पोलाद उत्पादनात इंग्लंडला गाठायचं म्हणून गावोगावी मातीच्या भट्ट्या पेटल्या, त्यात घरातल्या कढया वितळल्या. पीक मात्र शेतात सडत राहिलं. वरचे खूश राहावेत म्हणून प्रत्येक पातळीवरचा अधिकारी धान्याचे आकडे फुगवून पाठवत होता. सरकारने त्या फुगलेल्या आकड्यांवर धान्य वसूल केलं, म्हणजे शेतकऱ्याच्या पोटातलं काढून नेलं. काही धान्य परदेशीही निर्यात झालं.

जुलै १९५९ मध्ये लूशान या थंड हवेच्या ठिकाणी पक्षाच्या नेत्यांची बैठक भरली. संरक्षणमंत्री पेंग देहुआय यांनी गावाकडे जाऊन परिस्थिती पाहिली होती. त्यांनी माओला एक खाजगी पत्र लिहिलं, अदबीने, पण खरं. माओने ते पत्र छापून सगळ्यांना वाटलं आणि पेंगना पक्षविरोधी ठरवलं. त्यांचं पद गेलं. त्यानंतर देशभर 'उजव्या' विचारांच्या लोकांविरुद्ध मोहीम निघाली आणि आकडे खरे सांगण्याचं धाडस कुणात उरलं नाही. मोठ्या झेपेची चूक दुरुस्त होऊ शकली असती तो क्षण हा होता. तो गेला आणि उपासमार आणखी भडकली. १९६२ पर्यंतच्या त्या दुष्काळातल्या मृत्यूंचे अभ्यासकांचे अंदाज दीड कोटींपासून साडेचार कोटींपर्यंत आहेत.

इथे एक न्याय करायला हवा. माओच्या काळात साक्षरता वाढली, साथीचे रोग आटोक्यात आले, गावोगाव प्राथमिक उपचार करणारे 'अनवाणी डॉक्टर' पोहोचले. सरासरी आयुर्मान चाळिशीच्या आसपास होतं, ते १९७०च्या दशकाअखेर पासष्टच्या घरात गेलं. १९७८ नंतरच्या भरभराटीला हे शिकलेले, धडधाकट कामगार उपयोगी पडले. पण त्याआधी १९६६ ते १९७६ ची सांस्कृतिक क्रांती येऊन गेली. तिने शाळा-विद्यापीठं बंद पाडली आणि एका पिढीचं शिक्षण खाल्लं.

बैठकीच्या खोलीत कारखाना

तैवानकडे परत येऊ. जमीन स्वतःची झाल्यावर शेतकऱ्याने जास्त राबून पीक वाढवलं, पैसा मुलांच्या शिक्षणाला लावला, उरला तो छोट्या धंद्यात घातला. १९५८ ते १९६० च्या सुमारास सरकारने धोरण बदललं. तोवर आयात रोखून देशी माल बनवण्यावर भर होता, आता निर्यात करून पैसा आणण्यावर आला. १९६६ मध्ये काओशुंग बंदरात निर्यात प्रक्रिया क्षेत्र निघालं, जिथे कच्चा माल बिनकराचा आणायचा आणि तयार माल बाहेर पाठवायचा. असं क्षेत्र आशियात पहिल्यांदा निघालं ते त्याच्या वर्षभर आधी आपल्याकडे, कांडल्याला. आपण ते एका कोपऱ्यात ठेवलं, तैवानने त्यावर अर्थव्यवस्था उभी केली.

तैवानची निर्यात मोठ्या घराण्यांच्या हातात नव्हती. छत्र्या, बाहुल्या, बूट, रेडिओचे भाग बनवणारे हजारो घरगुती कारखाने होते. १९७०च्या दशकात सरकारनेच 'बैठकीची खोली म्हणजे कारखाना' अशी मोहीम चालवली. जेवण आटोपलं की त्याच टेबलावर आजी, आई आणि शाळेतून आलेली पोरं खेळण्यांचे भाग जोडत बसत. त्यामुळे वाढ झाली तरी श्रीमंत-गरीब दरी रुंदावली नाही. हे जगात फार कमी ठिकाणी जमलं आहे.

चिपची गोष्ट एका न्याहारीपासून सुरू होते. फेब्रुवारी १९७४ मध्ये तैपेईतल्या एका सोया दुधाच्या साध्या दुकानात अर्थमंत्री सुन युन-सुआन काही सहकाऱ्यांबरोबर बसले होते. त्यांच्यात अमेरिकेतल्या आरसीए कंपनीत काम करणारे अभियंते पान वेन-युआन होते. पान म्हणाले, इंटिग्रेटेड सर्किट, म्हणजेच चिप, बनवायला शिका, चार वर्षं आणि एक कोटी डॉलर लागतील. सरकारने होकार दिला. तरुण अभियंते अमेरिकेला शिकायला गेले, १९८० मध्ये शिंचू विज्ञान उद्यान उभं राहिलं आणि १९८७ मध्ये मॉरिस चँग यांनी टीएसएमसी ही चिप बनवणारी कंपनी सुरू केली. तिच्या भांडवलात जवळजवळ निम्मा वाटा सरकारचा होता. 'तैवान म्हणजे मुक्त बाजारपेठ' असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आज जगातल्या सर्वांत प्रगत चिपांपैकी बहुतांश याच एका कंपनीत बनतात.

'पण तैवान चिमुकलं, शिवाय अमेरिकेचं लाडकं'

हा आक्षेप रास्त आहे. १९५१ ते १९६५ या काळात अमेरिकेने वर्षाला सरासरी दहा कोटी डॉलर दिले. अमेरिकेच्या सातव्या आरमाराचं संरक्षण होतं. जपानने घातलेला पाया होता. दोन कोटींचं बेट आणि शंभर कोटींहून मोठा देश चालवणं यांत फरक आहे.

पण अमेरिकेने याच काळात दक्षिण व्हिएतनामलाही पैसा ओतला आणि तिथे काय झालं ते आपण जाणतो. च्यांगला मुख्य भूमीवरही अमेरिकन मदत मिळाली होती, ती लाचेत जिरली. मदत दोन्हीकडे एकच होती, ती घेणारा पक्ष तैवानमध्ये हरून सुधारलेला होता. आकाराचं म्हणाल, तर चीननेही नंतर तेच उपाय मोठ्या प्रमाणावर वापरले आणि ते चालले.

१९७८: चीनने शेतकऱ्याला त्याचं शेत परत दिलं

नोव्हेंबर १९७८. आन्हुई प्रांतातलं शियाओगांग गाव. अठरा शेतकरी रात्री एका झोपडीत जमले आणि त्यांनी एक कागद लिहिला: कम्यूनची जमीन घराघरांत वाटून घ्यायची, सरकारचा वाटा भरायचा, उरेल ते आपलं. हे बेकायदा होतं. म्हणून कागदावर असंही लिहिलं, की म्होरक्यांना तुरुंगात टाकलं किंवा मारलं, तर बाकीच्यांनी त्यांची मुलं अठरा वर्षांची होईपर्यंत सांभाळायची. खाली लाल अंगठे उमटवले. पुढच्या वर्षी पीक कित्येक पटींनी वाढलं.

वीस वर्षांपूर्वी या माणसांचं पेंग देहुआयसारखंच झालं असतं. पण माओ १९७६ मध्ये वारला होता आणि डिसेंबर १९७८ मध्ये डेंग शियाओपिंग यांच्या हाती धोरण आलं होतं. त्यांनी हा प्रयोग दडपला नाही, पसरू दिला. काही वर्षांत कम्यून संपले. १९८० मध्ये शेन्झेन, झुहाय, शांटोऊ आणि शियामेन ही विशेष आर्थिक क्षेत्रं झाली. यातलं शियामेन मुद्दाम तैवानच्या समोरचं.

आणि तैवानी पैसा आलाच. १९८७ च्या नोव्हेंबरमध्ये तैवानने आपल्या म्हाताऱ्या सैनिकांना नातेवाइकांना भेटायला मुख्य भूमीवर जायची परवानगी दिली. चाळीस वर्षांपूर्वी मागे राहिलेली आई आता नाही, बायकोने दुसरं लग्न केलं, असं कितीतरी जणांना तिथे पोहोचल्यावर कळलं. त्यांच्या मागोमाग कारखानदार गेले. १९८८ मध्ये फॉक्सकॉनने शेन्झेनमध्ये कारखाना टाकला. तळेगावचा प्रकल्प गुजरातला गेला म्हणून २०२२ मध्ये आपल्याकडे जिच्यावरून वादळ उठलं, तीच ही तैवानी कंपनी. चीनच्या निर्यातीचा चमत्कार घडवणाऱ्यांत तैवानी आणि हाँगकाँगच्या भांडवलाचा वाटा मोठा आहे. ज्यांच्याशी युद्ध संपलेलं नाही, त्यांच्याच पैशाने शेन्झेन उभं राहिलं.

चीनचं यश लहान लेखू नये. चार दशकांत सुमारे ऐंशी कोटी माणसं अत्यंत गरिबीतून वर आली, असं जागतिक बँक सांगते. एवढ्या थोड्या काळात हे आधी कुणालाच जमलं नव्हतं. मात्र 'हुकूमशाही होती म्हणून जमलं' असं म्हणणाऱ्यांना विचारावं, की १९५८ मध्येही तीच हुकूमशाही होती. १९७८ नंतर बदललं ते एवढंच, की शेताचा, दुकानाचा, कारखान्याचा निर्णय पक्षाने पुष्कळ अंशी लोकांवर सोडला.

पैसा आला की लोकशाही येते का?

तैवानकडे बघून पुष्कळ पाश्चात्त्य पुढाऱ्यांनी हेच गृहीत धरलं. २००१ च्या अखेरीस चीन जागतिक व्यापार संघटनेत आला तेव्हा मध्यमवर्ग वाढेल आणि मग मतदानही येईल, अशी आशा होती. तसं झालं नाही. २०१८ मध्ये चीनने राष्ट्राध्यक्षाच्या कार्यकाळाची मर्यादाच काढून टाकली.

तैवानमध्ये लोकशाही पैशाच्या पाठोपाठ आपोआप आली नाही, लोकांनी ती मागितली आणि तिची किंमत मोजली. १० डिसेंबर १९७९ ला, मानवी हक्क दिनी, काओशुंगमध्ये विरोधकांचा मोर्चा निघाला. पोलिसांशी झटापट झाली आणि आठ नेत्यांवर लष्करी न्यायालयात खटला चालला. त्या आरोपींतल्या ॲनेट लू पुढे उपराष्ट्राध्यक्ष झाल्या आणि बचावाच्या वकिलांतले चेन शुई-बियान २००० मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले.

त्यांना बळ कुठून मिळालं? एक, १९५० पासून गाव-जिल्हा पातळीवर निवडणुका होत होत्या. कुओमिन्टांगने त्या स्थानिक लोकांना थोडं खूश ठेवायला सुरू केल्या होत्या, पण पस्तीस वर्षं मत देऊन लोकांना सवय झाली. दोन, सरकारी नोकरीवर अवलंबून नसलेले छोटे कारखानदार, डॉक्टर, वकील विरोधकांना वर्गणी देऊ शकत होते. तीन, पक्षाचा दावाच पोकळ झाला होता. १९४७-४८ मध्ये मुख्य भूमीवर निवडून आलेले खासदार 'चीन परत मिळेपर्यंत' म्हणून चाळीस वर्षं त्याच जागांवर बसले होते. १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघातली जागा गेली, १९७९ मध्ये अमेरिकेची मान्यता गेली. आता राज्य कशाच्या जोरावर करायचं?

हे ओळखलं ते च्यांग कै-शेकचा मुलगा च्यांग चिंग-कुओ याने. तरुणपणी तो मॉस्कोत शिकला होता, आणि १९२६ मध्ये त्याच विद्यापीठात डेंग शियाओपिंगही होते. गुप्त पोलिसांचा प्रमुख म्हणून चिंग-कुओने पूर्वी अनेकांना तुरुंगात घातलं होतं. पण २८ सप्टेंबर १९८६ ला तैपेईच्या ग्रँड हॉटेलमध्ये विरोधकांनी बंदी धुडकावून पक्ष काढला, तेव्हा त्याने कुणाला अटक केली नाही. पुढच्या वर्षी मार्शल लॉ उठवला. १९९० मध्ये विद्यार्थ्यांनी तैपेईच्या चौकात ठाण मांडलं तेव्हा नवे राष्ट्राध्यक्ष ली तेंग-हुई यांनी त्यांना भेटायला बोलावलं आणि मागण्या ऐकल्या. जेमतेम नऊ महिन्यांपूर्वी, ४ जून १९८९ ला, बीजिंगच्या तिआनमेन चौकाकडे डेंग यांनी रणगाडे पाठवले होते. एकाच शाळेतल्या दोघांपैकी एकाने अर्थव्यवस्था सोडली आणि सत्ता घट्ट धरली, दुसऱ्याने दोन्हींवरची पकड सैल केली. नेत्याच्या निवडीला महत्त्व असतं, पण चिंग-कुओसमोर संघटित विरोधक होते, डेंगसमोर फक्त जमाव होता. मला हा फरक निर्णायक वाटतो.

१९९६ मध्ये तैवानने पहिल्यांदा थेट मतदानाने राष्ट्राध्यक्ष निवडला. चीनने मतदानाआधी बेटाजवळच्या समुद्रात क्षेपणास्त्रं डागली. ली तेंग-हुई ५४ टक्के मतांनी जिंकले.

'चिनी माणसाला लोकशाही मानवत नाही' या म्हणण्याचं काय?

हा युक्तिवाद बीजिंगमध्ये होतो आणि आपल्याकडेही काही जण तो डोळे झाकून उचलतात. कन्फ्यूशियसची शिकवण, मोठ्यांची आज्ञा, शिस्त वगैरे. तैवानची संस्कृती तीच आहे, किंबहुना सांस्कृतिक क्रांतीत देवळं आणि ग्रंथ जाळले न गेल्यामुळे जुन्या परंपरा तिथे जास्त टिकल्या. तिथे तीन वेळा सत्ता एका पक्षाकडून दुसऱ्याकडे शांतपणे गेली आहे. हाँगकाँगच्या लोकांनीही २०१९ मध्ये लाखोंनी रस्त्यावर उतरून मताचा हक्क मागितला. जून २०२० च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्याने तो आवाज बंद केला, संस्कृतीने नव्हे.

मग आता तंटा कशाचा?

हाँगकाँगला दिलेलं 'एक देश, दोन व्यवस्था' हेच सूत्र चीनने तैवानपुढेही ठेवलं होतं. २०२० नंतर तैवानमध्ये त्याला गिऱ्हाईक उरलं नाही. दुसरीकडे २००५ च्या चीनच्या कायद्यानुसार तैवानने स्वातंत्र्य जाहीर केलं तर बळाचा वापर करता येतो. त्यामुळे तैवानचे राज्यकर्ते स्वातंत्र्याची घोषणा करत नाहीत. ते म्हणतात, आम्ही आधीच स्वतंत्र आहोत, घोषणेची गरज काय?

दरम्यान दावेदारांपैकी एकाचं मनच बदललं आहे. तैपेईतल्या नॅशनल चेंगची विद्यापीठाने १९९२ पासून लोकांना एकच प्रश्न विचारला आहे: तुम्ही स्वतःला तैवानी समजता, चिनी समजता की दोन्ही? १९९२ मध्ये 'फक्त तैवानी' म्हणणारे १७-१८ टक्के होते आणि 'फक्त चिनी' म्हणणारे २५ टक्के. अलीकडच्या वर्षांत पहिला आकडा साठच्या वर गेला आहे आणि दुसरा दोन-तीन टक्क्यांवर आला आहे. पण त्याच विद्यापीठाच्या दुसऱ्या प्रश्नाला, म्हणजे विलीनीकरण हवं की स्वातंत्र्य, बहुसंख्य लोक आजही उत्तर देतात की सध्या आहे तसंच चालू द्या. क्षेपणास्त्रांच्या टप्प्यात राहणाऱ्या, मुलांना शाळेत आणि मतदान केंद्रात दोन्हीकडे नेणाऱ्या माणसांचं हे उत्तर आहे, आणि चीनला मान्य नाही ते हेच.